धमनी किती दिवस बंद ठेवायची?

सकाळी ७.३०

आजच्या यादीत तीन नावं आहेत. खोकल्यातून रक्त पडणारे एक काका, यकृतातल्या गाठीची एक केस आणि डायलिसिसच्या फिस्टुलाची दुरुस्ती. सकाळी लिहिलेली यादी संध्याकाळपर्यंत तशीच राहिली, असं क्वचित होतं. रक्तस्राव अपॉइंटमेंट घेऊन येत नाही. म्हणून यादी हातात घेण्याआधी मी कपाट उघडते आणि सिस्टरांबरोबर सामान मोजते.

मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात मी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आहे. मांडीतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून दोन मिलिमीटरपेक्षा बारीक नळी आत सरकवायची, एक्स-रेच्या पडद्यावर बघत ती रक्त गळणाऱ्या धमनीपर्यंत न्यायची आणि तिथे काहीतरी सोडून रक्ताची वाट अडवायची, हे आमच्या कामातलं एक मोठं काम. त्याला एम्बोलायझेशन म्हणतात. पोट उघडावं लागत नाही, बऱ्याचदा भूलही फक्त पंक्चरच्या जागेपुरतीच लागते.

कपाटाच्या वरच्या खणात न विरघळणाऱ्या वस्तू असतात : प्लॅटिनमच्या कॉइल, पीव्हीए या प्लास्टिकचे कण, धमनीत गेल्या गेल्या घट्ट होणारा ग्लू. खालच्या खणात जिलेटिन स्पंजची पाकिटं. कंपनी कुठलीही असो, लॅबमध्ये सगळे त्याला जेलफोमच म्हणतात. प्राण्यांच्या कातडीतून काढलेलं जिलेटिन शुद्ध करून, फेसाळून, वाळवून केलेला हा पांढरा, वजनच नसलेला तुकडा. १९४० च्या दशकात तो आला तेव्हा सर्जन रक्त येणाऱ्या जागेवर दाबून ठेवायला तो वापरत. धमनीच्या आत तो पुढे कित्येक वर्षांनी गेला. स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट रक्त शोषून तो फुगतो, त्याच्या जाळीत प्लेटलेट्स अडकतात, गुठळी धरते. मग शरीरातल्या पेशी आणि एन्झाइम त्याला हळूहळू खातात. साधारण चार ते सहा आठवड्यांत तो संपतो आणि धमनी बहुतेक वेळा पुन्हा वाहू लागते.

मी आधी खालचा खण मोजते. न सांगता येणाऱ्या पेशंटना बहुतेक तोच लागतो.

सकाळी ८.१५

छातीच्या वॉर्डात काकांच्या कॉटशी. पंधराएक वर्षांपूर्वी टीबी झाला होता, औषधं पूर्ण केली, जंतू गेले. पण फुप्फुसाच्या वरच्या भागात एक पोकळी राहिली. काल रात्री त्या पोकळीच्या आजूबाजूने रक्त आलं, तांब्याभर, असं काकू सांगतात. काकू दाराशी उभ्या आहेत आणि त्यांचा एकच प्रश्न आहे : “टीबी बरा झाला होता ना हो मॅडम?”

झाला होता. टीबीने मागे ठेवलेली जखम मात्र बरी झाली नाही, आणि आपल्याकडे खोकल्यातून खूप रक्त पडण्याची जी कारणं दिसतात त्यांत हे अग्रभागी आहे. अशा माणसाचा जीव रक्त कमी झाल्याने जाण्याआधी श्वास अडल्याने जातो. मोठ्या माणसाच्या श्वासनलिकांमध्ये हवेची जागा साधारण १५० मिलिलिटरच असते. तेवढ्या रक्तानेही गुदमरायला होतं.

संमतीपत्रावरचा एक मुद्दा मी कधीच घाईत सांगत नाही. ज्या धमन्यांमध्ये आम्ही जाणार, त्यांच्यातूनच कधी कधी मज्जारज्जूला रक्त देणारी एक बारीक फांदी निघते. तिच्यात एक कण गेला तर पाय लुळे पडू शकतात. हे क्वचित होतं, पण होतं. काका ऐकून घेतात, अंगठ्याऐवजी सही करतात, सावकाश, पूर्ण नाव.

सकाळी ९.३०

लेडचा अ‍ॅप्रन, गळ्याला थायरॉइड कॉलर, अ‍ॅप्रनच्या आत टीएलडी बॅज. दर तीन महिन्यांनी तो तपासणीला जातो आणि आमच्या अंगाला किती किरण लागले ते कळतं. अणुऊर्जा नियामक परिषदेचा हा नियम नवीन रेसिडेंटना कटकटीचा वाटतो. माझ्या लॅबमध्ये बॅज नसेल तर आत यायचं नाही.

ब्राँकियल धमन्या महाधमनीतून छातीच्या पाचव्या-सहाव्या मणक्याच्या पातळीवर निघतात. निरोगी माणसात त्या शोधाव्या लागतात, इतक्या बारीक असतात. काकांच्या उजव्या बाजूची धमनी मात्र पहिल्याच इंजेक्शनमध्ये दिसली : जाड, वेडीवाकडी, पोकळीभोवती जाळं करून बसलेली. मणक्याकडे जाणारी फांदी दिसत नाही ना, हे तीन वेगवेगळ्या कोनांतून पाहिलं. मग आतून आणखी बारीक मायक्रोकॅथेटर पुढे नेला आणि ३०० ते ५०० मायक्रॉनचे पीव्हीए कण कॉन्ट्रास्टमध्ये, म्हणजे एक्स-रेत दिसणाऱ्या द्रवात, मिसळून थोडे थोडे सोडले.

रेसिडेंटने विचारलं, “मॅडम, इथे जेलफोम का नाही?”

कारण इथे आजार जागेवरच राहणार आहे. ती पोकळी, तिच्या भिंतीतली जुनी सूज उद्याही असेल आणि महिन्यानंतरही. जिलेटिन विरघळलं की तीच धमनी उघडेल आणि तीच जागा पुन्हा रक्त मागेल. पीव्हीएनेही काहींना वर्षा-दोन वर्षांत परत यावं लागतं, पण मधला काळ मिळतो. आणि जिथे दुसरं काहीच हाताशी नाही तिथे जिलेटिननेही आजची रात्र निभावते, हे विसरायचं नाही. कॉइल धमनीच्या तोंडाशी टाकायची नाही, हेही मी त्याला सांगितलं. पुढच्या वेळी आपलीच वाट बंद होते आणि फुप्फुस बरगड्यांच्या धमन्यांकडून रक्त ओढायला लागतं.

कुठली वस्तू वापरायची, या प्रश्नाच्या आधी दुसरा प्रश्न विचारायचा असतो : ही धमनी किती दिवस बंद राहायला हवी? त्याचं उत्तर मिळालं की कपाटातला खण आपोआप ठरतो. रेसिडेंट तीन वर्षांत वायर चालवायला शिकतात. हा प्रश्न आधी विचारायची सवय लागायला जास्त वेळ लागतो.

दुपारी १२

यकृताची केस संपली, फिस्टुलावाल्यांना डायलिसिसच्या वेळेमुळे उद्यावर ढकललं. ओपीडीत गर्दी फार नाही.

त्यात एक ओळखीचा चेहरा. गेल्या वर्षी सिझेरियननंतर तिला अतोनात रक्तस्राव झाला होता आणि आम्ही तिच्या गर्भाशयाच्या दोन्ही धमन्या जिलेटिनने बंद केल्या होत्या. तिला पाळी पुन्हा सुरू झाली आहे, महिन्याच्या महिन्याला. बरोबर नवरा आणि मांडीवर गुबगुबीत मुलगी. प्रश्न तिने नवऱ्याला बाहेर पाठवून विचारला : दुसरं मूल होऊ शकेल का?

होऊ शकतं. अशा उपचारानंतर गरोदर राहून बाळंत झालेल्या बायकांच्या नोंदी जगभर आहेत. पण मी तिला पुढचंही सांगितलं. पुढच्या वेळी वार गर्भाशयाला चिकटून राहण्याचा किंवा पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. तेव्हा नाव पहिल्या महिन्यांतच घाल, आज दिलेलं हे कार्ड डॉक्टरांना दाखव आणि बाळंतपण ब्लड बँक असलेल्या मोठ्या रुग्णालयातच कर. तिने कार्ड फाइलमध्ये न ठेवता पर्समध्ये ठेवलं.

दुपारी १.२०

डबा उघडला होता. लेबर वॉर्डच्या रजिस्ट्रारचा फोन.

“मॅडम, पीपीएच. नॉर्मल डिलिव्हरी, दुसरी खेप, पालघरहून रेफर. गर्भाशय आकसतच नाहीये. ऑक्सिटोसिन, कार्बोप्रॉस्ट, मिसोप्रॉस्टॉल, ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड सगळं झालं. बलून टाकलाय. बलूनच्या बाजूने येतंय.” पीपीएच म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव.

“बीपी?”

“८० वर ५०. रक्त दिल्यावर थोडं धरतं, परत उतरतं.”

“अ‍ॅनेस्थेशियाला घेऊन या. रक्ताच्या पिशव्या सोबत, एफएफपी वितळवायला सांगा. ओटी पण तयार ठेवा.”

ओटी तयार ठेवा, हे मी नेहमी म्हणते. रक्त देऊनही बीपी धरतच नसेल तर लॅबच्या टेबलावर वेळ घालवणं चुकीचं आहे. तिथे गर्भाशय काढणं हाच जीव वाचवायचा रस्ता असतो आणि त्या निर्णयात मी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या बाजूने उभी राहते. पण रक्त दिल्यावर धरणारी बाई आमच्याकडे आधी यायला हवी. पोट उघडून आतल्या इलियाक धमन्या बांधून झाल्या की मग आम्हाला आत शिरायला सरळ वाट उरत नाही.

नऊ महिने भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहतं. वार सुटल्यावर गर्भाशयाचा स्नायू आवळतो आणि त्याच्या धाग्यांमधल्या रक्तवाहिन्या चिमटल्या जातात. रक्त थांबवायची निसर्गाची योजना तीच. स्नायू दमला, आवळलाच नाही, तर ती सगळी तोंडं उघडी राहतात. इथे गर्भाशयाला कुठला रोग नाही. त्याला सावरायला काही दिवस हवेत.

ट्रॉली येईपर्यंत रेसिडेंटने सामान मांडलं. स्पंजचा तुकडा कात्रीने एक-दोन मिलिमीटरच्या कणांत कापायचा. एका सिरिंजमध्ये ते कण, दुसऱ्यात कॉन्ट्रास्ट, मध्ये थ्री-वे. हवा काढून टाकायची आणि मग या सिरिंजमधून त्या सिरिंजमध्ये ढकलत राहायचं, दहा, पंधरा, वीस वेळा, जोपर्यंत ते तांदळाच्या पातळ पेजेइतकं मऊ होत नाही. हीच स्लरी. जाड राहिलं तर कॅथेटर तुंबतो. फारच पातळ केलं तर कण केशवाहिन्यांपर्यंत पोचतात आणि तिथला अवयवच मरतो. जिलेटिनची तयार पूड मिळते, ती आम्ही या कामाला वापरत नाही ती याच कारणाने. स्पंज स्वतः एक्स-रेमध्ये दिसत नाही, म्हणून कॉन्ट्रास्ट. तो कुठे जातोय हे दिसलं नाही, तर हात आंधळा होतो.

जिलेटिन प्राणिज असतं, हे मी नातेवाइकांना सांगतेच. काही घरांत शाकाहाराचा प्रश्न असतो, काही घरांत कुठल्या प्राण्याचं याचा. विचारायचा हक्क त्यांचा आहे. या बाईची सासू दाराशी बाळ घेऊन बसली होती. ती एवढंच म्हणाली, “बाई, तिला वाचवा. बाकी देव बघून घेईल.” नवऱ्याने सही केली.

१.५५. उजव्या मांडीत सोनोग्राफीखाली पंक्चर. शॉकमध्ये नाडी हाताला लागत नाही, पडद्यावर सुई धमनीत जाताना दिसते. सेल्डिंगर या स्वीडिश डॉक्टरांनी १९५३ मध्ये सांगितलेली पद्धत आजही तीच : सुई, सुईतून वायर, सुई काढून वायरवरून नळी. शीथ बसली. कॅथेटर महाधमनीच्या फाट्यावरून पलीकडे, डाव्या आतल्या इलियाक धमनीत. पहिली रन.

गर्भाशयाची धमनी शॉकमुळे आकसून दोऱ्याएवढी झाली होती, तरी तिचं नागमोडी वळण लपत नाही. तिच्या टोकाला कॉन्ट्रास्ट धमनीबाहेर पसरत होता आणि वाहून जायच्या ऐवजी तिथेच साठत होता. हाच गळतीचा डाग. सिरिंज छोटी घेतली, एक मिलिलिटरची. थोडं सोडायचं, थांबायचं, बघायचं. जोराने ढकललं तर स्लरी मागे उलटते आणि कुल्ल्याच्या किंवा मूत्राशयाच्या धमनीत शिरते. पाच-सहा ठोक्यांपर्यंत कॉन्ट्रास्ट जागेवर उभा राहिला, तेव्हा हात थांबवला.

उजव्या बाजूला पोचायला कॅथेटरचं वेटोळं करून मागे वळावं लागतं. उजवीकडे गळती दिसली नाही. तरी ती बाजूही बंद केली. गर्भाशयाला दोन्हीकडून रक्त मिळतं आणि आत एकीकडच्या फांद्या दुसरीकडच्यांना जोडलेल्या असतात. डावी बंद, उजवी उघडी, म्हणजे रात्री अकराला पुन्हा फोन.

“बीपी १०४,” अ‍ॅनेस्थेशियाच्या डॉक्टर म्हणाल्या. बलूनला जोडलेल्या पिशवीत येणारं रक्त कमी झालं होतं. तरी मी एफएफपी, म्हणजे गोठवून ठेवलेला प्लाझ्मा, चालू ठेवायला सांगितलं. जिलेटिन एकटं भोक बुजवत नाही, त्यावर रक्ताने गुठळी धरावी लागते. रक्तातले गुठळी करणारे घटकच संपले असतील तर उत्तम टाकलेली स्लरीही निभावत नाही.

दोन्ही धमन्या बंद करूनही गर्भाशय का मरत नाही, हे बाळाच्या आजीने विचारलं. बीजकोशाच्या आणि योनीच्या धमन्यांकडून आडवाटेने त्याला पुरेसं रक्त मिळतं. आणि काही आठवड्यांनी मुख्य वाट मोकळी होते. याच जागी मी कॉइल टाकल्या असत्या तर आजची दुपार तशीच निभावली असती. पण २६ वर्षांच्या बाईच्या शरीरात जन्मभरासाठी धातू ठेवायचं कारण काय? शिवाय कॉइल धमनी मधेच अडवते, पलीकडच्या बारीक फांद्यांना बाजूने रक्त मिळत राहतं. इथे विरघळणारी वस्तू स्वस्त म्हणून वापरत नाहीत. ती योग्य आहे म्हणून वापरतात. स्वस्त आहे, ही वरची सोय.

दुपारी ४.४५

डबा आता खाल्ला. रेसिडेंटचा सेमिनार होता, विषय एम्बोलिक पदार्थांचा इतिहास.

१९७२ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडला रोश, डॉटर आणि ब्राउन यांनी जठरातला रक्तस्राव पेशंटच्याच रक्ताची गुठळी धमनीत सोडून थांबवल्याचं प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी बोस्टनच्या डॉक्टरांनी कंबरेच्या हाडांच्या फ्रॅक्चरमधला रक्तस्राव असाच थांबवला. पेशंटचं स्वतःचं रक्त, याहून निरुपद्रवी काय असणार? पण शरीर गुठळी काही तासांतच विरघळवतं. फारच लवकर. जिलेटिन आलं आणि तासांचे आठवडे झाले. १९७५ मध्ये जियांटुर्को यांची कॉइल आली, त्याच सुमारास पीव्हीए, म्हणजे आठवड्यांची वर्षं झाली. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर या पद्धतीचा पहिला ठळक अहवाल १९७९ चा. नंतरची बरीच वर्षं नव्या वस्तू कायम टिकणाऱ्याच निघत राहिल्या, जणू टिकणं म्हणजेच प्रगती.

आता वारं पुन्हा विरघळणाऱ्या वस्तूंकडे वळलं आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. स्टार्चचे सूक्ष्म गोळे रक्तातल्या अमायलेजने तासाभरात विरतात. यकृताच्या गाठीत औषध थोपवून धरायला ते वापरतात. जपानमध्ये ओकुनो यांनी गुडघ्याच्या जुनाट दुखण्यात नव्याने वाढलेल्या बारीक धमन्या इमिपेनेम-सिलास्टॅटिन या अँटिबायोटिकच्या कणांनी बंद केल्या. ते कण लवकर विरघळतात, पण तेवढ्याने त्या नकोशा धमन्या सुकतात. २०१६ मध्ये जिलेटिन आणि सूक्ष्म चिकणमाती यांचं एक जेल प्रसिद्ध झालं, नळीतून दाबलं की वाहतं, धमनीत पडलं की घट्ट होतं. ठरावीक आकाराचे, ठरावीक वेळात विरघळणारे जिलेटिनचे गोळेही काही देशांत वापरात आहेत.

या सगळ्यात मला हवी ती गोष्ट एकच : वेळ आधी ठरवता येणं. कात्रीने कापलेल्या स्पंजचा प्रत्येक कण वेगळा, कुणाची धमनी तीन आठवड्यांत उघडते, कुणाची कधीच उघडत नाही. पाकिटावर ‘दोन तास’, ‘दोन आठवडे’, ‘दोन महिने’ असं खात्रीने लिहिलेलं असावं आणि ते पाकीट जिल्हा रुग्णालयाला परवडावं. नाहीतर पालघरची बाई अँब्युलन्समध्ये रक्त घालवत मुंबईपर्यंत येतच राहील. खरं तर आज जे करायचं आहे त्याला नवं जेल लागतही नाही. एक्स-रेचं यंत्र, हात शिकलेला डॉक्टर आणि स्पंजचं एक पाकीट लागतं. यातलं पाकीट तेवढं आज सगळीकडे पोचलेलं आहे.

संध्याकाळी ६.३०

काकांना दुपारपासून लाल थुंकी आलेली नाही, काळपट येते आहे. ती जुनी, काही दिवस येईल. दोन्ही पाय हलवून दाखवायला सांगितलं. हलवले. काकूंना सांगितलं, पुन्हा रक्त आलं तर घरी वाट बघायची नाही.

आयसीयूत बाई जागी आहे. पोटात दुखतंय, मळमळतंय. रक्त बंद केलेल्या अवयवाची ही अपेक्षित तक्रार आहे, दोन-तीन दिवस राहते, वेदनाशामक नियमित द्यायचं. नाडी ९६. गर्भाशय पोटावरून हाताला घट्ट लागतंय. तिने विचारलं, “पिशवी काढली का?” नाही काढली, म्हटलं. तिने बाळ मागितलं. सिस्टरांनी नियमाकडे न बघता पाच मिनिटं आणून दिलं, आणि त्यांनी ते बरोबरच केलं.

रात्री ९.४५

रात्रपाळीच्या रजिस्ट्रारला फोनवर सगळं सांगितलं, फाइलमध्येही लिहिलं आहे. गुठळीचे रिपोर्ट नीट आल्याशिवाय शीथ काढायची नाही, पाय सरळ ठेवायचा, घोट्याजवळची नाडी दर तासाला बघायची. उद्या सकाळी बलून आधी अर्धा रिकामा करायचा, दोन तास बघायचं, मग उरलेला. रक्त वाढलं तर मला उठवायचं, कितीही वाजले असले तरी.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत. या दोन-चार दिवसांत ताप आला आणि कुणी सीटी काढला, तर गर्भाशयाच्या धमन्यांच्या जागी हवेचे बारीक बुडबुडे दिसतील. स्पंजच्या जाळीत अडकलेली ती हवा आहे. गळू समजून तिला ओटीत न्यायचं नाही. आधी कल्चर, आधी तपासणी, आधी मला फोन.